दवा, दारू आणि तेरखेडा

मंडळी, सोलापूरहून बीडच्या रस्त्याला लागलात की तुळजापूर, धाराशिव, येडशी अशी गावे मागे टाकीत गाडी येरमाळ्याला येते. येडेश्वरीच्या डोंगराकडे पाहून हात जोडावेत आणि पुढे निघावे, तो थोड्याच वेळात वाशी तालुक्यातले तेरखेडा लागते. दिवाळीचे दिवस असले तर गाव आल्याचे कोणी सांगावे लागत नाही. रस्त्याच्या कडेला फटाक्यांची दुकाने दिसू लागतात. शोभेच्या दारूचे गाव म्हणून साऱ्या मराठवाड्यात तेरखेड्याचे नाव आहे. ही दारू तेथवर आली कशी, तिची वंशावळ काय, ते आज थोडे पाहू.

पण सुरुवात करतो ती एका खेळापासून. परवा माझा भाचा संगणकासमोर मान घालून बसला होता. म्हटलं, काय चाललंय? म्हणाला, ‘‘मामा, दुकान चालवतोय. औषधाचं.’’ ‘पोशन क्राफ्ट’ नावाचा तो खेळ 2021 साली निघाला आणि 2022 साली पुरा झाला. खेळणाऱ्याने किमयागार व्हायचे. बागेतून मुळ्या, पाने, भूछत्रे खुडून आणायची, खलात कुटायची, कढईत टाकायची, भात्याने कोळसे फुलवायचे. दारात गिऱ्हाईक येते, आपले गाऱ्हाणे सांगते. त्याला हवा तो काढा करून द्यायचा, भावात घासाघीस करायची आणि पैसा गाठीला मारायचा. खूप दिवस खपले की शेवटी परिसही साधतो म्हणे! काढा बिघडला तर काय होते, असे मी विचारले. भाचा म्हणाला, ‘‘काही नाही. सामान वाया जातं. पुन्हा करायचं.’’

हे त्याचे शेवटचे वाक्य तुम्ही ध्यानात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

असे दुकान आपल्याकडे होते का? होते की! तालुक्याच्या पेठेत काष्ठौषधीचे दुकान तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध एका बाजूला. तुरटी, नवसागर, मोरचूद, हिंगूळ, गंधक दुसऱ्या बाजूला. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, असा त्यांचा हिशेब. पोराच्या अंगाला खरूज झाली की त्याच दुकानातून गंधक आणायचा आणि खोबरेल तेलात खलून लावायचा. हा गंधक जरा लक्षात असू द्या.

आणि ही देवघेव आजकालची नव्हे. गोरोबाकाकांचे तेर तुम्हाला ठाऊक आहे. तेच जुने तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने समुद्रव्यापाराची वही लिहून ठेवली आहे, तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. तगरहून कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जाई असे तो सांगतो. त्याच भडोच बंदरात परदेशाहून काय उतरत असे, याची यादीही त्याने दिली आहे. तीत दारू आहे, तांबे आहे, पोवळे आहे. आणि मनशीळ व सुरम्याचा धातूही आहे. म्हणजे आपला विणकर आणि किमयागाराचा पुरवठादार दोन हजार वर्षांपूर्वी एकाच बंदराशी व्यवहार करीत होते.

आता या दुकानाची मागची खोली पाहू. तिला आपल्या ग्रंथांत रसशाला म्हणतात. रस म्हणजे पारा. तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमाराचा ‘रसरत्नसमुच्चय’ हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने छापलेला आहे. शिक्षकबंधूंनी तो मिळवून त्यातले रसशालेचे प्रकरण जरूर चाळावे. इमारत कशी बांधावी हे त्यात दिशावार सांगितले आहे. पूर्वेला देवाची जागा. आगीची कामे आग्नेयेला. दगडाखाली वाटण्याची कामे दक्षिणेला, कापाकापीची नैऋत्येला. धुण्याचे काम पश्चिमेला, वाळवणे वायव्येला, धातूवर धातूचा संस्कार करणे उत्तरेला. आणि तयार झालेला माल? तो ईशान्येला ठेवायचा. नकाशा काढून पाहा. भट्टी एका टोकाला आहे, धुणे-वाळवणे दुसरीकडे आहे, आणि तयार माल भट्टीपासून वेगळ्या कोपऱ्यात आहे. कोणी याला नुसते दिशांचे शास्त्र म्हणेल. मला त्यात हात भाजलेल्या माणसांचे शहाणपण दिसते.

तेथे चाले काय? एकच कृती सांगतो. पारा आणि गंधक खलात एकत्र घोटत बसले की चकाकी जाते आणि काजळासारखी काळी भुकटी होते. तिला कज्जली म्हणतात. ती काचेच्या कुपीत भरायची, कुपीला कापडमातीचे थर द्यायचे, वाळूच्या पात्रात ती पुरायची आणि खालून आच द्यायची. पदार्थाची वाफ वर चढते आणि कुपीच्या गळ्याशी लाल होऊन धरते. हा रससिंदूर. काळ्याचे लाल झाले! रसायनशास्त्र म्हणते, काळे काय नि लाल काय, दोन्ही पारा-गंधकच. कणांची मांडणी तेवढी बदलली. पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांना ती किमयाच. युरोपातले किमयागारही काळ्यापासून पांढरे आणि शेवटी लाल, अशाच पायऱ्या मोजीत. भाच्याच्या खेळातही त्याच पायऱ्या आहेत. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी 1902 आणि 1909 साली हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास दोन खंडांत लिहिला, तेव्हा या विद्येकडे शहाणी माणसे नीट पाहू लागली.

तोवर तिचे नाव बदनामच होते, आणि ते उगीच नव्हे. ‘तांब्याचे सोने करून देतो’ म्हणणारा बोवा गावात आला आणि बायकांच्या पाटल्या घेऊन पसार झाला, ही गोष्ट कोणत्या गावात सांगत नाहीत? संतांनीही परिसाची मातब्बरी ठेवली नाही. परिसा भागवताचा परीस नामदेवांनी चंद्रभागेत टाकला, आणि परत मागितला तेव्हा वाळवंटातले ओंजळभर खडे काढून दिले, ते सगळेच परीस निघाले, अशी कथा आहे. असो. सोन्याच्या नादाला आपण लागायचे नाही. आपल्याला आगीकडे जायचे आहे.

ही आग सापडली चीनमध्ये. तेथील किमयागार म्हातारपण टाळणारे औषध शोधीत होते. गंधक, मनशीळ, सोरा, मध असे एकेक एकत्र करून तापवून पाहत होते. नवव्या शतकाच्या सुमाराच्या एका चिनी ग्रंथात इशारा आहे, की काही जणांनी असे मिश्रण तापवले, त्याचा भडका उडाला, हात-तोंडे भाजली आणि राहते घरही जळाले. तेव्हा हे करू नये. अमर व्हायला निघालेल्या माणसांना बंदुकीची दारू सापडली! आणि चिनी लोकांनी तिला नाव दिले तेही औषधाचेच. त्यांच्या भाषेतल्या शब्दाचा अर्थ ‘आगीचे औषध’ असा होतो.

आता आपला शब्द घ्या. दारू हा शब्द फारसीतून आला, आणि फारसीत त्याचा अर्थ औषध. म्हणून तर आपण आजाऱ्याची ‘दवादारू’ करतो. तीच दारू गुत्त्यात गेली, तीच तोफेच्या तोंडात गेली, तीच दिवाळीच्या नळ्यात शोभेची झाली. एका शब्दाला तीन घरे. शास्त्रीबोवा याची व्युत्पत्ती सांगतील ती सांगोत, पण मला यात त्या जुन्या दुकानाची फळी दिसते. एकाच फळीवर औषध, मद्यार्क आणि स्फोटक ठेवलेले, आणि तिन्ही मोजून देणारा माणूस एकच. खरजेला जो गंधक, तोच तोट्याला.

सोरा मात्र दुकानात जन्मत नाही, मातीत जन्मतो. जुन्या भिंतींची, गोठ्यांची, गुरांच्या मुतारीची माती खारट होते, तीवर पांढरी साय धरते. ती माती पाण्यात भिजवून निथळायची, ते पाणी आटवायचे, थंड होऊ द्यायचे, म्हणजे खडे धरतात. बिहारात हा धंदा फार मोठा होता. पाटण्याचा सोरा डच आणि इंग्रज व्यापारी जहाजे भरभरून नेत, आणि युरोपातल्या लढायांत आपल्या गोठ्यातली माती धडाडे! या सोऱ्यात प्राणवायू कोंडलेला असतो. गंधक आणि कोळसा जळायला लागले की तो त्यांना बाहेरच्या हवेची वाट पाहू देत नाही, स्वतःच प्राणवायू पुरवतो. बंद नळीतही दारू पेटते ती म्हणूनच. तिन्हीची प्रमाणे मी मुद्दाम सांगत नाही. शाळेतली पोरे वही-पेन्सिल घेऊन तयारच असतात.

दारूचे सामर्थ्य आपल्या मुलखाने जवळून पाहिले. आपल्याच जिल्ह्यातला परांड्याचा किल्ला घ्या. विजापूरची मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ सगळ्यांनी ऐकलेली आहे. 1549 साली ती अहमदनगरला ओतली, मुहंमद रूमी नावाच्या उस्तादाने. ती काही काळ परांड्याच्या किल्ल्यावर होती. 1632 साली मुरार पंडिताने ती परांड्याहून विजापूरला नेली. पंचावन्न टनांच्या आसपास वजनाची वस्तू! तिला ओढायला किती बैल लागले असतील आणि वाटेवरच्या गावांनी त्या दिवसांत काय सोसले असेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

पण रणातली दारू आणि लग्नातली दारू या बहिणी आहेत. लग्नातली कधी आली? येथे पुण्याच्या भांडारकर संस्थेतले विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांचे उपकार मानले पाहिजेत. अत्तरे, दागिने, खाद्यपदार्थ अशा, राजेरजवाड्यांच्या इतिहासात न बसणाऱ्या शेकडो गोष्टींचा माग त्यांनी काढला. भारतातल्या दारूकामाचा 1400 ते 1900 या पाचशे वर्षांचा इतिहास त्यांनी लिहिला, तो 1953 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी पुढे आणलेला एक पुरावा आपल्या घरातलाच आहे. पैठणच्या एकनाथमहाराजांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ हे काव्य सोळाव्या शतकातले, 1571 च्या सुमाराचे. त्यात श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नात दारूकाम उडते.

आता श्रीकृष्णाच्या काळी फटाके नव्हते, हे नाथांना कळत नव्हते का? त्यांना इतिहास लिहायचा नव्हता. लग्न थाटाचे दाखवायचे होते, आणि थाटाच्या लग्नात त्यांच्या डोळ्यांसमोर जे होते ते त्यांनी लिहिले. म्हणून हे काव्य द्वारकेबद्दल साक्ष देत नसले, तरी सोळाव्या शतकातल्या गोदाकाठाबद्दल अगदी चोख साक्ष देते. मोठ्यांच्या लग्नात तेव्हा शोभेची दारू उडत होती, आणि ऐकणाऱ्या भाविकांना तिची ओळख होती. शिक्षकबंधूंनो, जुन्या काव्यातून इतिहास कसा काढायचा, याचा याहून सोपा धडा मला तरी ठाऊक नाही.

गोड्यांचा दुसरा पुरावा ओरिसातला. तेथील राजा प्रतापरुद्रदेव सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्याच्या नावावरच्या ‘कौतुकचिंतामणी’ या संस्कृत ग्रंथात शोभेच्या दारूच्या कृती आहेत. त्यांतले सामान पाहा. गंधक, क्षार, कोळसा, लोखंडाची पूड, हरताळ, पारा. ही यादी झाकून ठेवून कोणा वैद्याला वाचून दाखवली तर तो म्हणेल, हे रसशालेचे सामान! खरेच आहे. रसशालेच्या फळीवरूनच ते उचललेले आहे. लोखंडाची पूड भस्मालाही लागे आणि फुलझडीच्या ठिणगीलाही. आजही फुलझडीत ठिणग्या पडतात त्या धातूच्या जळत्या कणांच्या.

पुढे पेशवाईत तर या कलेला बहर आला. ‘पेशव्यांची बखर’ एक मौजेचा प्रसंग सांगते. महादजी शिंद्यांनी कोट्याच्या दिवाळीचे वर्णन सवाई माधवरावांपुढे केले. तेथे म्हणे दारूची लंका करतात. राक्षस दारूचे, वानर दारूचे, मारुती दारूचा. मारुतीच्या शेपटीला बत्ती दिली की तो उड्या मारीत लंका पेटवीत जातो! तरुण पेशव्याला ते पाहावेसे वाटले, आणि महादजींनी पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी तसा देखावा करवला. त्या रात्री आकाशाकडे पाहणाऱ्यांची बखरकाराने नोंद ठेवली. दारू कुटणाऱ्या हातांची नावे मात्र बखरीत नाहीत.

ते हात आपल्याला तेरखेड्यात भेटतात. बालाघाटावरचा हा पर्जन्यछायेतला मुलूख. पाऊस बेताचा, हवा कोरडी. शेतकऱ्याला ती मारक, पण दारू वाळवायला सोयीची. तमिळनाडूतल्या शिवकाशीचेही तेच. शेतीवर पोट भरत नाही तेथे माणूस दुसरे काम शोधतो. दिवाळी, लग्नसराई आणि जत्रा, या तीन हंगामांवर हा धंदा चालतो. फटाक्याला आपल्याकडे तोटा म्हणतात. नफ्यातोट्यातला तोटा वेगळा, पण धंदा करणाऱ्याला दोन्ही तोटे सारखेच जवळचे.

आणि आता भाच्याच्या वाक्याकडे येतो. ‘‘सामान वाया जातं. पुन्हा करायचं.’’ तेरखेड्याच्या कामात पुन्हा करायला मिळतेच असे नाही. या गावच्या कारखान्यांत स्फोट झालेले आहेत. शेजारच्या बार्शी तालुक्यात पांगरीजवळ शिराळ्याच्या शिवारात 1 जानेवारी 2023 रोजी फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि त्यात कामावरच्या बायका मृत्युमुखी पडल्या. सगळे जग नव्या वर्षाच्या शुभेच्छा देत होते तो हा दिवस.

अशा वेळी ‘नशीब’ म्हणून बोलणे संपवतात. मला ते पटत नाही. दारू नशिबाने पेटत नाही, कारणाने पेटते. लोखंडाचे हत्यार दगडावर घासले, ठिणगी पडली. बुटाच्या तळाला खिळा होता. ॲल्युमिनियमची पूड दमट राहिली, आतल्या आत तापली. क्लोरेट आणि गंधक एकत्र आले. ते मिश्रण तर नुसत्या घासण्याने पेटते, आणि म्हणूनच कायद्याने त्याला मनाई आहे. एक कारण मात्र वेगळ्या जातीचे आहे. त्याने आग लागत नाही, पण एकाऐवजी दहा माणसे जातात. ते म्हणजे सगळी कामे एका छपराखाली आणणे.

आता रसशालेचा तो नकाशा आठवा. भट्टी इकडे, वाळवण तिकडे, तयार माल त्या कोपऱ्यात. 1884 चा स्फोटकांचा कायदा आणि त्याखालचे 2008 चे नियम काढून पाहा. गाभा तोच आहे. मिश्रणाची खोली वेगळी, भरण्याची वेगळी, वाळवायची जागा वेगळी, कोठार दूर. दोन खोल्यांत ठराविक अंतर. एका खोलीत मोजकीच माणसे आणि मोजकाच माल. एका वेळी पंधरा किलोपर्यंत दारू हाताळणाऱ्या लहान कारखान्याला परवाना जिल्हाधिकारी देतात. त्याहून मोठ्याला केंद्राच्या स्फोटके विभागाकडे जावे लागते, आणि त्याचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. नियम साहेबाने आणले म्हणून ते परके, असे कोणी म्हणू नये.

मग नियम मोडतात का? दसरा झाला की व्यापाऱ्याची मागणी एकदम वाढते. मजुरी नगावर असते. पाऊस लांबला तर वाळवण अडते. दोन खोल्यांतले अंतर राखायचे तर हेलपाटे वाढतात, हेलपाटे वाढले की नग कमी होतात, आणि नग कमी झाले की घरी पीठ कमी येते. जी बाई अंतर मोडते ती अडाणीपणाने मोडते असे नव्हे; तिचा हिशेब आपल्याहून पक्का असतो. दोष असेल तर तो हिशेब तिच्यावर लादणाऱ्यांचा आणि स्वस्त माल मागणाऱ्या आपलाही आहे.

अलीकडे या विद्येत आणखी एक फेरा आला. हिरव्या रंगासाठी बेरियमचे क्षार वापरतात, तांबड्यासाठी स्ट्रॉन्शियमचे, निळ्यासाठी तांब्याचे. 23 ऑक्टोबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांत बेरियमचे क्षार वापरण्यास मनाई केली आणि कमी धुराचेच फटाके करावेत असा आदेश दिला. ते करायचे कसे? उत्तर नागपुरातच शोधले गेले. ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी नव्या मिश्रणांचे फटाके तयार केले. त्यांतल्या एका प्रकारात जळताना पाण्याची वाफ सुटते आणि ती धूळ खाली बसवते. धुरातले कण निदान तीस टक्क्यांनी कमी व्हावेत, असा त्यांचा हिशेब. लोक त्यांना ‘हिरवे फटाके’ म्हणतात, पण त्यांत धूर नसतोच असे मात्र नाही. गंधक, क्षार आणि कोळसा घेऊन बसलेल्या जुन्या किमयागाराच्या शेजारी आता तराजू घेऊन हा नवा किमयागार बसला आहे.

यंदा दिवाळीत त्या रस्त्याने गेलात तर तेरखेड्याला थांबा. पुडा हातात घेतलात की आधी उलटा करून पाहा. खऱ्या हिरव्या फटाक्याच्या पुड्यावर ‘नीरी’चे चिन्ह असते आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन असतो. तो मोबाइलला दाखवून पडताळायचा असतो. मग दुकानदाराला विचारा, हा माल कोणत्या शिवारातला, कोणाच्या हातचा. भाव करायचा तो त्यानंतर करा.